न पुसलेला फळा

बत्तीस वर्षं शिपाई दळवी गणित विभागातले सगळे फळे पुसत आले होते, मृणालिनीबाईंचा सोडून. त्यावर कोपऱ्यात 'पुसू नये' असं लिहिलेलं होतं. दोनच्या पुढची कुठलीही सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, एवढंच बाईंना सिद्ध करायचं होतं. पण काही केल्या जमत नव्हतं.

आज सकाळी विभागातल्या यंत्राने अशी बेरीज न जुळणारी एक सम संख्या शोधून काढली. सत्त्याऐंशी आकडी! बाईंनी पडताळा तीनदा वाचला आणि त्या मटकन खाली बसल्या. दळवी धावत पुढे आले.

"बाई, पाणी आणू?"

"चहा आणा, दळवी. विधानच खोटं होतं हो! मला वाटायचं, मीच मठ्ठ."

बाईंनी डस्टर उचललं आणि आधी 'पुसू नये' पुसलं.