डोळ्यांत अडकलेला फोन

"आठ दिवस झाले, यमुनाकाकू, डोळ्यांसमोर नुसतं कंपनीचं चिन्ह फिरतंय," लतीफ तांबोळी रडकुंडीला आला होता. सगळ्यांसारखाच त्याचाही फोन बुबुळांत बसवलेला, आणि तो सुरू होतानाच अडकला होता. इस्पितळाने तर डोळेच बदलायला सांगितले होते.

बार्शीत चाळीस वर्षं मोबाइल दुरुस्त करणाऱ्या यमुनाने त्याच्या कानांमागची फोनची दोन्ही बटणं एकदम दाबली. पहिल्या थरथरीला सगळे दोन्ही हात काढतात आणि तिथेच फसतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने फक्त डावा काढला. उजवा दुसऱ्या थरथरीपर्यंत हलवला नाही.

लतीफने डोळे उघडले. "काकू, पदराला भोकं पडलीत की हो!"

"चाळीस वर्षांच्या सोल्डरिंगच्या ठिणग्यांची आहेत," ती म्हणाली. आजवर कमरेला खोचून लपवलेला तो पदर तिने ऐटीत खांद्यावर पसरला.