कोरडा कागद

मोटरसायकलखाली अंथरलेला कागद सकाळी कोरडा निघाला आणि पासष्टीचा तोकुजी अंगणातच नाचायला लागला. "अगं मिसाए, एक थेंब नाही! गाडी आपोआप बरी झाली!"

तीन दिवस त्या कागदावर हिरवे थेंब पडत होते. गळती थांबली नाही तर होक्काइदो बेटाची मोटरसायकलवरची सहल रद्द, असं बायकोनं बजावलं होतं, आणि गाडीसकट तिकडे नेणारी बोट आज संध्याकाळचीच होती.

मिसाएनं वाकून, इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी फिरवणाऱ्या पंपाखाली बोट फिरवलं. "अहो, पंपाचं भोक भातानं लिंपलंत?"

"शितं चांगली चिकटतात," तो पुटपुटला.

"आतलं सील फाटलं की कळावं म्हणून असतं ते भोक! ते बुजवलं की पाणी इंजिनाच्या तेलात शिरतं. गाडी बोटीऐवजी भंगारात गेली असती."

तोकुजी मटकन पायरीवर बसला. तीस वर्षं मनात घोळवलेली सहल संपली होती.

तेवढ्यात फाटकाशी कुरिअरवाला आला. मिसाए धावतच गेली आणि तिथंच तिनं खोकं फाडलं. आत नवा पंप होता.

"पहिला थेंब पडला त्याच दिवशी मागवला," ती धापा टाकत म्हणाली. "बसलात काय? पाने-पक्कड आणा! बॅगा मी परवाच भरल्यात."