शिसं काढणारा

“आ कर माय,” म्हणत भगवानरावांनी आरोहीला खिडकीच्या उजेडाकडं वळवलं. सहा वर्षांच्या पोरीच्या हिरड्यांवर, दातांच्या मुळाशी, निळसर काळी रेघ होती. भगवानराव रेघ बघत राहिले. पोरीचा बाप बद्रीनाथ त्यांचं तोंड बघत राहिला.

वडवणीच्या या निसर्गोपचारवाल्याचा पत्ता त्यानं चार गावं हिंडून काढला होता. मातीच्या लेपानं आणि काढ्यानं हा माणूस अंगातलं शिसं ओढून काढतो, असं तेलगावच्या बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. बीडचा डॉक्टर पोरीला भरती करा म्हणाला होता. रक्तात शिसं उतरलंय, उशीर केला तर मेंदूत जाईल, म्हणाला. पण पाठोपाठ त्यानं विचारलं, हे शिसं येतं कुठून? त्या एका प्रश्नाला भिऊन बद्रीनाथनं पोरीला खांद्यावर टाकलं आणि दवाखान्याची पायरी उतरला.

त्याला पंधरा दिवस झाले होते. पोरगी पोट धरून रडायची. जेवण सुटलं होतं. तोंडपाठ बाराखडी ‘क’लाच अडायची.

“लेप लावा, काढा द्या, काय बी करा,” बद्रीनाथ म्हणाला. “पण हितंच काढा.”

“रक्तातलं शिसं मातीनं निघत नसतं बाबा. लोक उगाच माझं नाव पुढं करतात. हिला दवाखानाच पायजे, आन आजच. आता खरं सांग. धंदा काय करतोस?”

“शेती.”

“शेतीनं हिरड्या काळ्या होत न्हाईत. मला येडा समजतो का?”

बद्रीनाथनं बायकोकडं पाहिलं. सुकन्यानं नजर खाली घातली. आरोहीनं बापाचं बोट धरलं होतं, पण त्या मुठीत जोर म्हणून नव्हता.

“जुन्या बॅटऱ्या फोडतो,” तो म्हणाला. “घरामागं शेडात भट्टी हाय. शिसं वितळवून इकतो. परवाना न्हाई. तीन सालं झाली कोयता सोडून. ऊसतोडीला गेलं की लेकरू मागं ठेवावं लागतं. आमाला ही एकच हाय. टाकून जाववंना.”

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. पोलीस येवोत, भट्टी मोडो. पोरगी तर वाचेल.

“भट्टी आजपासून बंद,” भगवानराव उठत म्हणाले. “हिला घरी न्यायचं न्हाई. हितून सरळ बीड. मी येतो संगं. त्या शेडाजवळ आणखी कोण असतं?”

“कुणी न्हाई. पौष चाललाय. समदी वस्ती तोडीला गेलीय. दारोदार कुलपं हायत.”

आता सुकन्यानं मान वर केली.

“आन त्येंची लेकरं?” ती म्हणाली. “अकरा लेकरं आपल्याच भरवशावर टाकून गेलीत की वो. थंडी पडली तशी तुमीच न्हाई का त्येंची अंथरुणं भट्टीच्या भिंतीला लावून दिली, ऊब लागावी म्हणून?”