दीपमालाची उत्तरं

कॉर्नरवरून आलेला चेंडू डोक्यानं मारायला दीपमालानं उडी घेतली, तशीच समोरच्या संघातल्या पोरीनंही घेतली. चेंडू राहिला बाजूला आणि दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. पायरीवर नारळ फोडावा तसा आवाज झाला. दुसरी कपाळ चोळत उठली. दीपमाला क्षणभर उताणी पडून राहिली, मग उठून बसली. पंचांनी तिला रेषेबाहेर पाठवलं.

ललित सर तिच्या डोक्यावर बाटलीतलं पाणी ओतत म्हणाले, "नाव सांग."

"दीपमाला."

"कुठं खेळतोय आपण?"

"शाळेच्या मैदानावर."

"स्कोअर?"

"एक-एक."

सरांचा जीव भांड्यात पडला. डोक्याला मार लागला की हे तीन प्रश्न विचारायचे, हे ते एका शिबिरात शिकून आले होते. पोरी त्यांच्याही वरचढ. उत्तर चुकलं की सर बाहेर बसवतात हे कळल्यापासून अकराही जणी प्रत्येक मॅचच्या आधी ही उत्तरं पाढ्यासारखी घोकून यायच्या. स्कोअर तेवढा बदलता, पण तो फळ्यावर खडूनं लिहिलेला असे, आणि फळा नेमका सरांच्या पाठीमागे. या परीक्षेत आजवर कुणी नापास झालं नव्हतं.

रेषेपलीकडे रिकामी पाटी घेऊन नवसाबाई उभी होती. दीपमालाची आई. सकाळी द्वारका चौकात झेंडूची फुलं विकून ती थेट मैदानावर आली होती, तीही मॅच बघायला नव्हे, लेकीला घरी न्यायला. गेले पंधरा दिवस मायलेकींचं यावरूनच वाजत होतं. "फुटबॉल पायानं खेळतात ना? मग डोकं कशाला मधे घालती?" असं नवसाबाई म्हणायची. लेक म्हणायची, "तू नाही का डोक्यावर पाट्या वाहत?" त्यावर नवसाबाई, "पाटी डोक्यावर ठेवत्यात गं, आदळत नाय." की लेक, "म्हणूनच तर तुला कुणी कप देत नाही." ज्या डोक्यानं दहावी काढायची त्या डोक्यानं पोर चेंडू ठोकते, या काळजीनं त्या माऊलीला जेवण गोड लागत नव्हतं.

तशी दीपमाला गुणाची पोर. पहाटे उठून फुलं तोडू लागायची, शाळेत नंबर काढायची. पण आईचा एकही शब्द तिनं कधी उलट उत्तर दिल्याशिवाय सोडला नव्हता. जेव म्हटलं की भूक नाही, आणि राहू दे म्हटलं की ताट ओढून बसली. बाप हसून तिला वकील म्हणायचा. नवसाबाई शेजारणींपाशी कपाळावर हात मारायची, "एकदा, फक्त एकदा ही पोर मला 'बरं आई' म्हणू दे, मी सप्तशृंगीला पायी जाईन."

आता नवसाबाई पदर खोचून सरळ रेषेपाशी आली.

"चल घरी," ती म्हणाली.

"मावशी, दहाच मिनिटं राहिलीत," सर मधे पडले. "फायनल आहे. हिच्याइतकं उंच कुणी उडत नाही. पोर ठणठणीत आहे, तिन्ही उत्तरं बरोबर दिलीत तिनं."

राखीव पोरीही भोवती गोळा झाल्या. "मावशी, प्लीज," म्हणून एकीनं तर तिच्या हातातली पाटीच काढून घेतली. नवसाबाई बधली नाही. लेक काय काय बोलेल, त्यावर आपण काय बोलायचं, हे ती द्वारकेपासून मनात जुळवत आली होती. आज माघार घ्यायची नाही. सगळ्या दीपमालाकडे बघू लागल्या. आता फटाका फुटणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"बरं, आई," दीपमाला म्हणाली आणि बुटांची नाडी सोडू लागली.

पोरींचे चेहरे पडले. सरांनी हताश होऊन राखीव पोरींतल्या शुभांगीला तयार व्हायला सांगितलं. नवसाबाई मात्र जागची हलली नाही. जुळवून आणलेली सगळी वाक्यं तिच्या तोंडातच राहिली.

"आणि उद्यापासनं खेळ बंद," ती हळूच म्हणाली.

"बरं."

"केसाला रोज तेल लावायचं. चप्प. दोन येण्या, लाल रिबिनी."

"लावते."

नवसाबाई मटकन लेकीसमोर मातीत बसली. तिनं पोरीचं तोंड ओंजळीत धरलं. पोर तिच्याकडे बघून हसली, तान्हेपणी हसायची तशी, शांत, गोड. नऊ वर्षांची झाल्यापासून ती आईकडे बघून अशी हसली नव्हती.

"जिंकलात मावशी तुम्ही," सर जरा कडवटपणे म्हणाले. "न्या तिला घरी."

"घरी नाय सर, गाडी काढा, दवाखान्यात चला," नवसाबाई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "माझी पोर माझं ऐकाया लागली हो."