प्रिंटमधली चूक

माझ्या पदवीदानाचा, आईसोबतचा, बाबांनी छापलेला फोटो पायांजवळ पार काळा पडला होता. डार्करूममध्ये मी म्हणालेच, "टायमर न लावता अंदाजपंचे छापलं की असंच होणार, बाबा."

"मुद्दाम केलंय ते, बाईसाहेब. कला म्हण आणि सोड."

"कला कसली? चूक झाकताय तुम्ही."

मी तीच निगेटिव्ह लावली. थर्मामीटरने डेव्हलपरचं तापमान तपासलं, सेकंद मोजून प्रकाश दिला. ट्रेमध्ये कागदावर फोटो उमटू लागला, तसे बाबा पाठ फिरवून धुतलेलेच चिमटे पुन्हा धुऊ लागले.

पायांजवळचा भाग लख्ख आला.


हट्ट करून घेतलेल्या माझ्या नव्या बुटांशेजारी आईची चप्पल होती. चपलेचा तुटलेला अंगठा सुतळीने बांधलेला होता.