उमत्सूग

जर्मनीतल्या त्या गावात नव्या इमारती इतक्या वाढल्या, की शाळांच्या हद्दी बदलून ऊर्मिलाची मुक्ता पुढच्या वर्षी जवळच्या जुन्या शाळेऐवजी पार माळापलीकडच्या नव्या शाळेत जाणार, असं ठरलं. त्याच आठवड्यात शेजारच्या विभावरीची अपूर्वा नाचत नाचत सांगून गेली, “मावशी, शुक्रवारी आमचा उमत्सूग आहे, जुन्या शाळेपाशी!”

उमत्सूग म्हणजे घर बदलणं, एवढं जर्मन ऊर्मिलाला येत होतं. काळजात बाभळीचा काटा मोडला.

“अहो, बघा! विभावरीला कोथिंबीर मागायला ऊर्मिला, आणि घर शोधताना चकार शब्द नाही! आपली मुक्ता का मागे राहील?”

नवरा विलास ‘थांब, थांब’ म्हणत राहिला. तिने जुन्या शाळेजवळचं महागडं घर घ्यायला लावलंच. सह्या झाल्या, राहतं घर सोडायची नोटीसही गेली.

शुक्रवारी संध्याकाळी अपूर्वा कागदी कंदील घेऊन बाहेर पडली, मागून विभावरी.

“सामानाचा ट्रक कुठंय गं?” ऊर्मिलाने खोचकपणे विचारलं.

“कसला ट्रक? अगं, मिरवणुकीलाही उमत्सूगच म्हणतात! कंदिलांची मिरवणूक आहे आज. आम्ही कुठे जातोय घर सोडून?

“अपूर्वाला नवी शाळा लांब आहे खरी, पण तुझी मुक्ता आहे ना सोबतीला!”