कुठेही चालणारी आठवण

आजारपणात दत्ताराम हर्डीकरांची स्मृती गेली. तेव्हापासून त्यांच्या आठवणी एका कंपनीच्या डेटाबेसमध्ये असत आणि कानामागच्या चिपमधून त्यांना मिळत. ती कंपनी बंद पडणार असं कळल्यावर त्यांच्या मुलीने, मृदुलाने, कोणत्याही कंपनीच्या डेटाबेसवर चालेल असा प्रोग्राम लिहिला. त्यामुळे असंख्य रुग्णांच्या आठवणी पुसल्या जाण्यापासून वाचल्या. काल दत्तारामांच्याही नव्या डेटाबेसवर आल्या.

आज जेवताना ते म्हणाले, "सुहास विहिरीत बुडाला, तेव्हा तिसरीत होता. ही भेंडी छान झाली आहे."

आईचा हात वाढता वाढता थांबला. आजवर सुहासचं, त्यांच्या गेलेल्या मुलाचं, नाव निघालं की दत्ताराम पानावरून उठून जात.

"काय झालं गं यांना?" तिने हळूच विचारलं.

मृदुलाला ठाऊक होतं. प्रोग्राम सगळीकडे चालावा म्हणून तिने सर्व डेटाबेसांना जमेल तेवढंच त्यात घेतलं होतं. नावं, चेहरे, प्रसंग सगळ्यांनाच ठेवता येत. प्रसंगाबरोबर त्याचं दुःखही साठवण्याची सोय फक्त त्या जुन्या डेटाबेसमध्ये होती, आणि तो सकाळीच कायमचा पुसला गेला होता.

"त्यांना सगळं आठवतंय, आई. फक्त त्याचं काही वाटत नाही," ती म्हणाली. सुहास गेला तो तिच्या जन्माआधी; ते सांगताना तिचा आवाजही सपाटच होता.



"म्हणजे आता त्याच्यासाठी रडायला मी एकटीच," आई म्हणाली, आणि तिने त्यांना भात वाढला.